पाठमोऱ्या माणसाच्या शेजारी

हैदराबादला मी गेलो ते मुलीला घरी आणायला. परत आलो तो एकटाच. मधल्या आठ दिवसांत एका चित्रासमोर मी जेवढा बसलो, तेवढा उभ्या नोकरीत कुठल्या चित्रासमोर बसलो नसेन. आणि मी तर उदगीरच्या शाळेतला निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ज्यांनी हैदराबाद पाहिलंय ते चारमिनारचं सांगतील, बिर्याणीचं सांगतील. माझं हैदराबाद म्हणजे नल्लकुंट्यातली गच्चीवरची एक खोली, हिमायतनगरातला एक फ्लॅट आणि त्या दोन्हींमधला अर्ध्या तासाचा पायी रस्ता. एवढंच. तेवढं सांगतो.

माझी मुलगी सुजाता जुनी तैलचित्रं दुरुस्त करते. हे काम आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. फाटलेला कॅनव्हास सांधायचा, काळवंडलेलं वार्निश उतरवायचं, रंग उडालाय तिथे तेवढाच रंग भरायचा. दोन वर्षांपूर्वी तिचा संसार मोडला. गेल्या वर्षी तिची आई गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार होता : दोन गावांत दोन माणसांनी एकेकटं राहायचं कशाला? उदगीरला घर आहे. शाळेत चित्रकलेची जागा रिकामी होणार होती, मी हेडमास्तरांच्या कानावर घालूनही ठेवलं होतं. फोनवर नको, समोर बसून बोलू, असं ठरवून चार दिवसांचे कपडे घेतले आणि गाडीत बसलो.

नल्लकुंटा

खोली स्वच्छ होती. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. चहाचा कपही एकच. तो तिनं मला दिला आणि स्वतः स्टीलच्या पेल्यात चहा घेतला. तो पेला ती, साडीच्या पदरानं धरावा तसा, ओढणीनं धरून फुंकर मारत होती, हुबेहूब तिच्या आईसारखी. मी खिडकीबाहेर बघितलं.

घरमालकीणबाई खाली राहतात. तेलुगू बाई, माझ्याच वयाच्या. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी हसून विचारलं, "तिन्नारा?" मला वाटलं, नाव विचारतायत. मी म्हणालो, "नाही नाही, वाघमारे." त्यांना 'नाही' तेवढं कळलं असावं. पाच मिनिटांनी भरलेलं ताट वर आलं. त्या विचारत होत्या, जेवलात का. आणि मी जेवून आलो होतो. सुजाता बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. "बाबा, आता खावंच लागेल. परत पाठवलं तर त्या उद्या दुप्पट पाठवतील." ताटात गोंगुऱ्याची चटणी होती. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. आपण ती कण्या घालून शिजवतो, वर लसणाची फोडणी ओततो. इथे ती लाल मिरचीसोबत वाटतात आणि भातावर तूप सोडून खातात. आंबटपणा तोच. परमुलखात ओळखीची भाजी वेगळ्या नावानं भेटली की बरं वाटतं. तो घास तोंडात असताना मी विषय काढायला हवा होता. काढला नाही.

सकाळी कोपऱ्यावर पेसरट्टू खाल्ला. आपलं मुगाचं धिरडंच, पण आत उपमा आणि सोबत आल्याची चटणी. तिथे सगळे घाईत उभ्यानं खाणारे. "तू रोज इथंच खातेस?" मी विचारलं. "रोज," ती म्हणाली. "एकटीच?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खायला किती जण लागतात, बाबा?"

हिमायतनगर

ज्यांचं चित्र ती दुरुस्त करत होती त्यांचं नाव रंगराव पाटील. वय ऐंशीच्या पुढे. घराणं मूळ बिदरकडचं, शेतीवाडीतलं. वडील वकिली करायला हैदराबादला आले ते इथलेच झाले. बंगला होता तिथे आता इमारत उभी आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर पाटील एकटे राहतात. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा परदेशात. चित्र घराबाहेर काढू द्यायला ते तयार नव्हते, म्हणून सुजाता त्यांच्याकडेच येऊन काम करायची.

"वाघमारे म्हणजे उदगीरचे?" त्यांनी विचारलं. आडनाव ऐकल्यावर माणसं जो एक क्षण थांबतात, तो मला साठ वर्षं ओळखीचा आहे. तो क्षण आला. मग त्यांनी चहाची कपबशी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. "बसा मास्तर, इत्मिनानानं बसा. इथं बोलायला कोण येतं? तुमची पोरगी तर खामोश काम करते. दिवसभर एक लफ्ज नाही."

चित्र समोर टेबलावर उभं केलेलं होतं. दोन हात पसरले तर मावेल एवढी रुंदी. कुणा नवाबाच्या देवडीतलं, म्हणजे वाड्यातलं, सामान विकलं गेलं तेव्हा पाटलांच्या वडिलांनी ते घेतलेलं. चित्रकाराची सही नाही. एका खडकावर गडद कोट घातलेला माणूस उभा आहे, आपल्याकडे पाठ करून. त्याच्यापुढे तळं, तळ्यावर धुकं, पलीकडे डोंगर. वार्निश जुनं होऊन सगळ्यावर कडक चहाचा रंग चढला होता.

युरोपात दोनशे वर्षांपूर्वी चित्रकारांची एक पिढी झाली, तिला रोमँटिक म्हणतात. वर्गात हा शब्द उच्चारला की पोरं खिदळायची. मी पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या छापातून शिकवायचो : बघा, निसर्ग अफाट आहे, माणूस चिमुकला आहे, तो एकटा आहे आणि तो विचार करतोय. परीक्षेला एवढं लिहिलं की गुण मिळायचे. पण खरं सांगतो, मला ती चित्रं कधी आवडली नाहीत. आमच्या घरात, विहारात ध्यानाला बसलेली मूर्ती असते ती आपल्याकडे तोंड करून. डोळे मिटलेले असले तरी ती आपल्यासाठी बसली आहे असं वाटतं. हा गोरा माणूस मात्र पाठ फिरवून उभा. त्याला आपण नकोच आहोत.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा पाटील खूश झाले. "हौ! लहानपणापासून पाहतो मी याला. एकदा बी वळला नाही बघा. आमची ही म्हणायची, बिचाऱ्याच्या बाजूला कुणीतरी पाहिजे होतं. एवढी जागा रिकामी सोडली कायकू?"

जागा रिकामी होती खरी. माणूस मधोमध नव्हता, जरा डावीकडे होता, आणि त्याच्या उजव्या हाताला खडकावर आणखी एक माणूस सहज उभा राहील एवढं नुसतं धुकं.

दुपारी सुजातानं जाड पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि एक जांभळा दिवा लावला. या दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं, आणि नंतर कुणी वरून रंग लावला असेल तर तेवढा भाग काळा दिसतो. ती दिवा फिरवत गेली. आभाळात दोन-चार काळे ठिपके. डोंगरावर एक. मग दिवा त्या रिकाम्या धुक्यावर आला आणि माझ्या तोंडून "अरेच्चा!" निघून गेलं. तिथे एक उभा काळा आकार होता. चित्रातल्या माणसाएवढा. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून.

सुजातानं वहीत टिपून घेतलं, दिवा माझ्या हातात दिला आणि फोन आला म्हणून ती बाहेर गेली. पाटील दारात उभे होते. "काय झालं, मास्तर?"

मी गप्प बसायला हवं होतं. माझं ते काम नव्हतं, घर माझं नव्हतं, चित्र माझं नव्हतं. पण एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. दिसलं की सांगायचं ही सवय. मी दिवा त्या जागेवर धरला आणि म्हणालो, "पाटीलसाहेब, तुमच्या मंडळींचं खरं होतं. इथं दुसरं कुणीतरी होतं. कुणीतरी नंतर पुसून टाकलंय."

पाटील पुढे आले. चष्मा वर केला. बराच वेळ त्या काळ्या आकाराकडे बघत राहिले. मग भिंतीला हात लावून हळूच खाली बसले, जमिनीवर.

कोठी

मी पाटलांना काय सांगितलं ते सुजातानं परत येताच ऐकलं होतं. खोलीवर आल्यावर बोलली.

"बाबा, तिथं नंतर रंग लागलाय एवढंच आपल्याला कळलंय. खाली माणूस आहे हे कुणी सांगितलं?"

"आकार बघितलास ना तू?"

"आकार तुम्हाला दिसला. कारण तुम्हाला तो हवा होता. बहुतेक वेळा अशा जागी खाली भोक असतं. मागून दुसरं कापड चिकटवलेलं आहे, म्हणून मागून काही कळत नाही. मी तिथं हातही लावणार नव्हते. आता पाटीलकाका मागे लागतील."

तसंच झालं. सकाळीच पाटलांचा फोन आला : तो वरचा रंग काढा. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "जे निघेल ते निघेल, बेटा. काढ."

त्या दिवशी ती मला सोबत घेऊन गेली नाही. मी कोठीला गेलो. तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत असं ऐकलं होतं. त्या पाठमोऱ्या माणसासारखं दुसरं एखादं चित्र छापील सापडलं तर तिला दाखवू, तेवढाच राग निवळेल, असं मनात होतं. सगळीकडे परीक्षांची गाइडं. एका दुकानदाराला दखनी हिंदीत समजावलं, "एक आदमी, पीठ करके खडा, सामने पानी." तो म्हणाला, "मैय्यत का फोटो क्या चचा?" मी पुढे निघालो. दवाखाने, चष्म्याची दुकानं, भांडी, गर्दी. त्या गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल आणि एक हातात धरून मी मोची शोधत फिरलो. तासभर मला कुणीही काही विचारलं नाही, मीही कुणाला नाही. मोची सापडला तेव्हा त्यानं न बोलता हात पुढे केला. एवढ्या माणसांत एवढं एकटं मला घरीही वाटलं नव्हतं. घरी निदान भिंती ओळखीच्या असतात.

पुन्हा हिमायतनगर

चौथ्या दिवसापासून मी पुन्हा जाऊ लागलो. चार दिवसांचे कपडे धुऊन घातले.

बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, टिपायचा आणि चित्रावर नखाएवढ्या जागेत हलकेच फिरवायचा. कापूस तपकिरी झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. सबंध सकाळीत तळहाताएवढी जागा होते. ती वाकून बसायची तेव्हा मला तिची पाठच दिसायची. मी तिला बघत होतो. सासरहून परत आली त्या दिवशी ती आईच्या खोलीत अशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि मी दारातूनच परत फिरलो होतो. इथे मात्र ती पाठ दुखावलेली नव्हती. कामात होती. हा फरक मला कळत होता आणि तो मला नको होता, कारण तो कळला की माझं येणंच खोटं पडत होतं.

पाटलांची मात्र तब्येतच बदलली. दाढी रोज करू लागले. चित्रासमोर दोन खुर्च्या ठेवल्या, एक माझ्यासाठी. मुलाला फोन करून सांगितलं. "बाई असंल का हो, मास्तर? का दोस्त असंल? सांगता येत नाही. पण कोणीतरी आहे." एकदा म्हणाले, "हिला सांगायला पाहिजे होतं." आणि मग मला दाराकडे बघायचं धाडस झालं नाही; त्यांची बायको तिथे उभी असावी इतकं ते सहज बोलले होते.

सहाव्या दिवशी दुपारी सुजाता थांबली. काडी खाली ठेवली. "बाबा, इकडे या."

वरचा रंग गेला होता. खाली खडूसारखा पांढरा लेप होता आणि त्याच्या कडेला काळी किनार. जळालेली. कधीतरी, कुणाच्या तरी घरी, चित्राला दिव्याची किंवा मेणबत्तीची आच लागली होती. ज्योत वर चढते तशी उभी जळाली होती जागा. तीच माणसाएवढी. कुणीतरी ती लेपानं भरून वर धुकं रंगवलं होतं. माणूस तिथे कधीच नव्हता.

"मी सांगू की तुम्ही सांगता?" तिनं हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"मी सांगतो," मी म्हणालो.

पाटील बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. बोलायला जी वाक्यं मी जुळवली होती ती सगळी गेली. मी म्हणालो, "पाटीलसाहेब, माझी चूक झाली. तिथं कुणी नाही. चित्र जळालं होतं. मला नीट न बघता बोलायला नको होतं."

ते उठून आत आले. पांढऱ्या लेपाकडे बघितलं, बोट लावणार होते, लावलं नाही. खुर्चीवर बसले. नंतर माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग काढा की एक. तुम्ही ड्रॉइंग मास्तर ना? पाठमोरा तर काढायचा आहे. चेहरा बी लागत नाही."

मला ते जमलं असतं. अर्ध्या तासाचं काम. पांढरी जागा तयारच होती. एक शाल, एक अंबाडा, थोडी वाकलेली मान. कुणाचं नुकसान होणार होतं? मी सुजाताकडे बघितलं. तिनं माझ्यावर सोडलं.

"नाही काढता येणार," मी म्हणालो. "मी काढलेली बाई तुम्हाला रोज दिसेल, आणि ती मी काढली आहे हेही रोज दिसेल."

पाटलांनी पुन्हा त्या पांढऱ्या जागेकडे बघितलं. खाली भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग म्हणाले, "बराबर आहे. भरून टाका. होतं तसंच करा."

नल्लकुंट्याचा रस्ता

त्या संध्याकाळी चालत येताना मी शेवटी विषय काढला. वाईट वेळ निवडली, पण दुसरी राहिलीच नव्हती. घर आहे, शाळेत जागा आहे, हेडमास्तर तयार आहेत, एकटं राहून काय मिळतंय, असं सगळं एका दमात बोललो. सुजाता चालत राहिली. नल्लकुंट्याच्या वळणावर थांबली.

"बाबा, तुम्ही तिथं माणूस बघितलात, तसंच माझ्यात बघताय. मी एकटी आहे म्हणजे माझ्या शेजारी कुणीतरी पुसलं गेलंय, असं तुम्हाला वाटतं. पुसलं गेलं होतं. ते भरलं मी. मला हे काम आवडतं, ही खोली आवडते, दिवसभर कुणी न बोलणं आवडतं." मग म्हणाली, "मला न्यायला आलात, की आई गेल्यापासून तुम्हाला घरी बसवत नाही म्हणून आलात?"

रस्त्यात माणसं येत-जात होती. मी म्हणालो, "बसवत नाही."

हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. तिनं माझा हात धरला नाही, आमच्यात ती पद्धत नाही. पण उरलेल्या रस्त्यात ती माझ्या चालीनं चालली. खोलीवर पोचल्यावर म्हणाली, "मला येता नाही येणार, बाबा. तुम्ही मात्र येत जा. चार दिवसांचे कपडे आणून आठ दिवस राहिलात तरी चालेल." मालकीणबाईंनी ताट पाठवलं होतं. या वेळी मी भुकेला होतो आणि सगळं संपवलं.

शेवटचा दिवस

सुजातानं धुकं पुन्हा भरलं. अगदी बारीक ब्रशनं, जळालेल्या जागेपुरतंच, बाहेर केसभरही नाही. आता तेवढ्या बाजूचं वार्निश उतरल्यामुळे तिथलं धुकं चहाच्या रंगाचं राहिलं नव्हतं. निळसर, गार होतं. आणि पलीकडच्या डोंगरामागे एक फिकट पिवळी रेघ निघाली होती. ती पहाटेची की संध्याकाळची, हे मला सांगता आलं नाही, तिलाही नाही.

मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा पाटील चित्रासमोर बसले होते. खुर्ची एकच होती. दुसरी परत जेवणाच्या टेबलाशी गेली होती. मी पुन्हा माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"नक्को मास्तर. चार दिवस मजेत गेले माझे. चार वर्षांत गेले नव्हते." मग चित्राकडे बोट करून म्हणाले, "इतकी वर्षं मी या माणसाकडंच पाहत होतो. तो काय पाहतो ते कधी पाहिलंच नाही. ती पिवळी रेघ पाहा. डोळ्यावर येते की नाही?"

मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि ती रेघ बघितली. मला खोटं बोलायचं नाही : फार काही मोठं घडलं नाही. गार वाटलं. थोडा वेळ माझ्या डोक्यात ना मुलगी होती ना बायको, नुसतं पाणी आणि पाण्यापलीकडचा उजेड होता. आणि मग लगेच गाडीची वेळ आठवली.

उदगीरला घरी पोचलो तेव्हा दुपार होती. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. एरवी मी घरात पाऊल टाकलं की आधी टीव्ही लावतो; बघत नाही, नुसता आवाज हवा असतो. त्या दिवशी लावला नाही. पाणी प्यालो, खुर्ची ओढून बाहेरच्या दारात बसलो, रस्त्याकडे तोंड करून, आणि घराकडे पाठ. समोर कडुलिंबाच्या पलीकडे नुसतं पांढरं ऊन होतं. मागच्या खोल्यांमध्ये कुणी नव्हतं आणि मला ते माहीत होतं. फार वेळ जमलं नाही, पंधरा-वीस मिनिटं असतील. मग उठून स्वयंपाकघरात गेलो आणि एका माणसाचा भात लावला.